शिवाचं पान कुठं वाढू?

रेवदंडा, जि. कुलाबा
गुरुवार, १६ ऑगस्ट १९६२

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: बिस्किटांचा पत्र्याचा डबा एक, त्यात काळ्या सुरकुतलेल्या लांब शेंगा बारा, वास गोड, नाव माहीत नाही. तांबूस साखर, अंदाजे शेरभर. मोहरीत मुरवलेलं कोबी-गाजराचं लोणचं, बाटली एक. बूच सैल होऊन अर्धं तेल फडक्यात गेलं. माकूल माशासारखा पण आठ पायांचा सुकवलेला जिन्नस, नग तीन. चिठ्ठी नाही. जकात आणि पोस्टाचा आकार मिळून चार रुपये साठ नवे पैसे झाले. ते माझ्या अंड्यांच्या पैशांतून दिले. घरखर्चाच्या वहीत धरले नाहीत, कारण ती वही काळूरामभावोजी दर शनिवारी बघतात.

पाठवणार म्हणून तुमचं नाव आहे, पण अक्षर तुमचं नाही. गोल, टपोरं, पाटीवर गिरवल्यासारखं आहे. बोटाला काही लागलं आहे का?

पार्सल आल्याचं घरात कुणालाच सांगितलेलं नाही. पोस्टमन बाबाजीला म्हटलं, माझ्या मावसभावाने मुंबईहून पाठवलंय. तो तिकीट बघून म्हणाला, "वैनी, मुंबईला राणीचं तिकीट कधीपासून लागाय लागलं?" मी त्याला चहा दिला. तो प्याला आणि सायकलवर बसून गेला. डबा पिठाच्या पिंपात पुरून ठेवला. तरी आईंना वास आला. त्यांना आता डोळ्यांनी काही दिसत नाही, पण नाकाला सगळं दिसतं. "सते, कसला गो वास ह्यो?" मी म्हटलं, नवी उदबत्ती. श्रावणातल्या गुरुवारी देवासमोर बसून खोटं बोलले.

आता मुख्य गोष्ट. या भाद्रपदात तुमचं शेवटचं पत्र येऊन बारा वर्षं पुरी होतात, असं सगळे धरून चालले आहेत. बारा वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाचा पळसाच्या देठांचा पुतळा करून दहन करतात, हे तुम्हाला माहीत आहे. काळूरामभावोजींची दोन मुलं पाठोपाठ गेली. धाकटं फेब्रुवारीतल्या अष्टग्रहीच्या आठवड्यात गेलं, अकरा महिन्यांचं होतं. चौलच्या गुरुजींनी सांगितलं की घरातला एक जीव उपाशी फिरतो आहे, त्याला वाट करून द्या. विधी सर्वपित्री अमावास्येला, २८ सप्टेंबरला ठरला आहे.

त्याआधी तुमच्या हातची एक ओळ आली तर मी ती सगळ्यांपुढे ठेवीन आणि हे थांबेल. नुसतं पार्सल दाखवायची माझी छाती नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे.

विमानाच्या टपालाने लिहा. जिवंत आहे, एवढंच लिहा.

सौ. सत्यवती


गुरुवार, ३० ऑगस्ट १९६२
पिठोरी अमावास्या

उत्तर नाही. चौदा दिवसांत येणार नाही हे कळतं, तरी बाबाजीची सायकल वाजली की हातातलं टाकून दारात जाते. भागू जाऊबाई हसते. म्हणते, "वैनी, ह्या वयात कुणाची चिठ्ठी येनार हाय तुमाला?"

आज हिशेबाच्या जुन्या वह्या उन्हात घातल्या. सत्तेचाळीस सालच्या वहीच्या मागच्या पानांवर तुमची बेटं निघाली. तुम्ही बोटीच्या स्वयंपाकघरात लागलात आणि बंदराबंदरातून लिहायला लागलात. पत्रात काय, तर प्रकृती बरी आहे आणि जेवायला काय होतं! प्रत्येक ठिकाणी "तू कधी आलीस तर" असं लिहून पुढे जिन्नस. मी अलिबागच्या पुढे कधी गेले नाही, आणि तुम्ही मला लंकेत काय खायचं ते सांगत होतात.

मी ते सगळं नीट उतरून ठेवलं होतं. कोलंबोला उतरलीस तर नारळाच्या दुधात शिजवलेला भात ताटात थापून वड्या कापतात तो खा, बरोबर कांदा-मिरचीचा ठेचा. मालदिवाला सकाळी सुका मासा, ओला नारळ, कांदा, लिंबू हाताने चुरून रोटीबरोबर. झांजिबारला कच्ची केळी माशाच्या कालवणात, आणि गिऱ्हाइकासमोर कोळशावर भाजलेलं माकूल. मोरस, म्हणजे मॉरिशस बेटावर डाळपुरी. खाली तुमची टीप: "इथे आपल्याकडचे लोक पुष्कळ, उसाच्या मळ्यांत आजोबा-पणजोबांच्या वेळी आलेले. बाया आपल्यासारखं मराठी बोलतात."

तुमचं पत्र आलं की त्या दिवशी आई म्हणायच्या, "माजा शिवा जेवला ते आज मी जेवनार." मग मी आहे त्यात करायची. मालदिवाचा मासा कुठून आणू? खारा बांगडा भाजून घातला. डाळपुरी केली तेव्हा आई म्हणाल्या, "सते, पुरनात गूळ घालायला इसरलीस का ती तिकडली बाई इसरली?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. ते हसणं माझ्या लक्षात राहिलं आहे, कारण त्या डाळपुरीचं पत्र तुमचं शेवटचं, असं आई समजतात. पन्नास सालचा भाद्रपद.

शेवटचं ते नव्हे. आज इतक्या वर्षांनी लिहिते, म्हणजे मन थोडं रिकामं होईल.

त्रेपन्नच्या जूनमध्ये तुमचं पाकीट आलं. पावसामुळे आई माजघरात होत्या, मी एकटी ओटीवर. तुम्ही लिहिलं होतं की तापाने पोर्ट लुईला बोटीवरून उतरवलं, एका घराने उचलून नेलं, त्या घरच्या मुलीने सहा महिने तोंडात पेज घातली. आता तिला तुमच्यापासून मुलगी झाली आहे. आणि खाली, "तू म्हणशील तर दोघींना घेऊन येतो, तू म्हणशील तर एकटा येतो. आईला काय सांगायचं ते तू ठरव."

मी ठरवलं. त्याच दुपारी एकच ओळ लिहून टाकली: "आपले पान आम्ही गेल्या भाद्रपदात कौलावर ठेवले आहे." म्हणजे आईने तुम्हाला पितरांत धरलं. ते खरं नव्हतं. मला मूल नव्हतं आणि तुम्हाला झालं होतं, एवढंच खरं होतं. तुम्ही ती ओळ मानलीत आणि गप्प बसलात. तुमचं पाकीट त्या वर्षीच्या वहीच्या पुठ्ठ्यात शिवून ठेवलं आहे. पत्ता पाठ आहे तो त्यामुळे.

आईंनी तुमचं पान कौलावर कधीच ठेवलं नाही. दर सर्वपित्रीला पितरांची पानं वाढून झाली की विचारतात, "सते, शिवाचं पान कुठं वाढू? आत का वर?" मी म्हणते, आत. मग भावोजींच्या शेजारी पाट मांडतात, वाढतात, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते पान तसंच राहतं, आणि शेवटी ते मी खाते. बारा वर्षं तुमचं पान मी खाते आहे.

एकोणतीस दिवस उरले.

सत्यवती


गुरुवार, १३ सप्टेंबर १९६२
अनंत चतुर्दशी

गुरुजी याद्या घेऊन आले होते. पळसाचे देठ तीनशे साठ, कुठल्या अवयवाला किती ते त्यांनी वाचून दाखवलं. भावोजी बोटांवर मोजत होते. लोकरीचा दोरा, जवाचं पीठ, नवं धोतर. डोक्याच्या जागी नारळ.

"नारळ घरच्याच वाडीचा असला म्हंजे बरं," भावोजी म्हणाले. "वैनी, तुमी निवडा. तुमचा हात चांगला हाय."

मी विचारलं, "गुरुजी, विधी झाल्यावर माणूस परत आला तर?"

भागू ओरडलीच, "अगो बाय, काय बोलता!"

गुरुजींना राग आला नाही. ते म्हणाले, शास्त्रात तेही आहे. त्याला तुपाच्या रांजणात बसवून बाहेर काढायचं, म्हणजे तो पुन्हा जन्मला. मग बारसं, मुंज, सगळे संस्कार नव्याने. बायकोशीही लग्न नव्याने लावायचं. मी मॅट्रिकला संस्कृत घेतलं होतं, पण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बारसं आधी आणि लग्न नंतर. मधली तुमची मोरसची वर्षं कुठे जातात, हे मी विचारलं नाही.

आई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तूप कुठनं आननार रांजनभर? येनार असंल त आदीच ये म्हनावं."

आज दुपारी दोघीच होतो. मी ठरवून त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, "आई, ते असतील तर? कुठेतरी सुखात असतील, तर?"

"असंल त चिठ्ठी येईल. माजा शिवा पेजंत मीट कमी पडलं तरी लिवायचा."

"चिठ्ठी पोचली नसेल."

"बारा वर्सांत येक न्हाय पोचली?" त्यांनी माझा हात चाचपून धरला. "सते, मला ठावं हाय तुला कुंकू पुसायचं जिवावर येतं. कुनाला येनार न्हाय? पन माजं ऐक. जित्याचं पान वर ठेवलं त पाप, आन मेल्याचं पान आत ठेवलं त त्यो उपाशी. बारा वर्सं मी त्याला उपाशी ठेवला आसंल त? काळूची दोन लेकरं गेली. आता मला इचारायचं न्हाय हाय, आत का वर. मला आता कळाय पायजे."

वहीच्या पुठ्ठ्यातलं पाकीट माझ्यापासून चार हातांवर होतं. मी उठले, पुठ्ठ्याला हात लावला, आणि परत आले. नऊ वर्षं त्यांच्या पोराला मी त्यांच्यापासून दडवून ठेवलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या हातचंच त्या रोज जेवतात.

नारळ निवडायला वाडीत गेले. पहिला घेतला त्याला कोंब फुटला होता. तो खाली ठेवला. दुसरा घेतला.

अजून पंधरा दिवस आहेत. एक ओळ पुरे आहे. मला शिव्या घातल्या तरी चालेल.

सत्यवती


रविवार, ३० सप्टेंबर १९६२

झालं.

कसं लिहू, कुणाला लिहू, हेच कळत नाही. परवा सकाळी अंगणात पुतळा मांडला. तीनशे साठ देठ, वर मी निवडलेला नारळ. धोतर नेसवलं तेव्हा भावोजी हुंदका देऊन रडले. म्हणाले, "दादा माज्यापेक्षा बारीकच व्हता." पुरुष खाडीच्या तोंडाशी घेऊन गेले. ओहोटी होती. नारळ फुटल्याचा आवाज घरापर्यंत आला, असं भागू म्हणते. मला काही ऐकू आलं नाही, कारण तेव्हा विहिरीवर माझ्या बांगड्या फोडत होते.

तुम्ही जिवंत असताना मी हे होऊ दिलं. शेवटपर्यंत वाटत होतं की आता तोंड उघडेल. गुरुजींनी तीनदा विचारलं, "कुणाची हरकत?" असं शास्त्रात विचारायचं असतं की ते त्यांचं त्यांनीच विचारलं, कोण जाणे. तिन्ही वेळा सगळे गप्प होते, आणि मी त्यांतली एक.

दुपारी पितरांची पानं वाढली. आईंनी विचारलं नाही. मला म्हणाल्या, "शिवाला आवडायचं ते कर." मी विहिरीकडच्या झाडाचा नीरफणस उतरवून त्याच्या फोडी नारळाच्या दुधात शिजवल्या. सेशल्सच्या बेटाहून तुम्ही लिहिलं होतं, "तू कधी आलीस तर हे गोड करून खा." तुमच्या डब्यातली तांबूस साखर घातली आणि एक काळी शेंग चिरून घातली. घरभर वास सुटला. आई म्हणाल्या, "ही तुजी उदबत्ती न्हवं गो."

पान कौलावर ठेवलं. कावळा लगेच आला. गुरुजींना बरं वाटलं, भावोजींनी हात जोडले. मी मात्र खांबाला धरून उभी होते. जिवंत माणसाचं पान कावळा इतक्या लवकर शिवतो?

आई पोटभर जेवल्या. कित्येक वर्षांत अशा जेवल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आता त्यो बी जेवला."

हे पत्र तुम्हाला मिळालं तर उत्तर देऊ नका, असं लिहिणार होते. तसं लिहवत नाही.

सत्यवती


शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९६२

चि. केसर हिला रेवदंड्याहून आशीर्वाद.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. चीनच्या लढाईमुळे टपाल उशिरा येतं, तुझ्यावर राग नाही. तुझं अक्षर मी ओळखलं. पार्सलावरचं तेच गोल, टपोरं. आपल्या लोकांच्या बैठकीत भरणाऱ्या शाळेत मराठी शिकतेस असं लिहिलंस, चांगलं शिकतेस. अकराव्या वर्षी माझंही इतकं बरं नव्हतं.

तू लिहिलंस की बाबा ऊसतोडणी सुरू झाली तेव्हा गेले. छातीत कफ होता. जायच्या आधी त्यांनी तुला नावं सांगून सामान गोळा करायला लावलं, शेंगा, साखर, लोणचं, सुकवलेलं, आणि पत्ता गिरवून घेतला. चिठ्ठी घालू का विचारलंस तर म्हणाले, "नको. तिकडे मी नाही." नंतर माझी पत्रं येत राहिली. तुझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून तू ती फोडलीस आणि वाचलीस. चारही. "मला सगळं समजलं नाही पण पुष्कळ समजलं," असं लिहिलंस. बाळ, एवढं तरी तुझ्या वाट्याला यायला नको होतं. त्या पत्रांत मी जे केलं आहे ते मीच केलं आहे. तुझ्या आईने काही नाही केलं. तिने त्यांच्या तोंडात पेज घातली. तिला माझा नमस्कार सांग.

मी पुतळा जाळला तेव्हा ते जिवंत नव्हते. आता लोक म्हणतील, विधी बरोबर होता. पण मी तो जिवंत माणसाचा समजून होऊ दिला. देवाकडे वही असेल तर त्यात तसंच लिहिलं जाईल.

तू लिहिलंस, बाबा तुला सांगायचे की रेवदंड्याला कधी गेलीस तर आधी पौषात जा, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी करतात ती मिळेल. आज्जीच्या हातची तांदळाची भाकरी चुलीपाशी बसूनच खा. सुकटीच्या चटणीला लाजू नको. कैरी घातलेलं कोलंबीचं कालवण दुसऱ्या दिवशी खा. खरं आहे का, असं विचारलंस. खरं आहे. सगळं खरं आहे. मला वाटत होतं की "तू कधी आलीस तर" हे ते फक्त मला लिहायचे.

आता तुला सांगायचं ते. तुझं पत्र मी आज्जीला वाचून दाखवलं. मग वहीचा पुठ्ठा उसवून त्रेपन्न सालचं पाकीटही वाचलं, आणि मी काय उत्तर लिहिलं तेही सांगितलं. भावोजी उठून बाहेर गेले. आज्जींनी ते पाकीट मागून घेतलं आणि हाताने चाचपलं. मग म्हणाल्या, "सते, माज्या पोराला तू दोनदा मारलास." आवाज चढवून नाही. भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं तसं.

त्या दिवसापासून माझ्या हातचं त्या घेत नाहीत. पाणीसुद्धा नाही. भागू पेज देते ती दोन घोट घेऊन वाटी सरकवतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर, हाडं हाताला लागतात. मी रोज वाढते आणि पान तसंच उचलते. काल भावोजींनी पाया पडून विचारलं, "आये, काय खाशील तू?" तेव्हा एकदाच बोलल्या. "माजा शिवा शेवटाला जेवला ते जेवन. तिला ठावं न्हाय. त्या पोरीला ठावं हाय."

मला खरोखर माहीत नाही. मी त्यांच्या पानावर जे वाढलं ते पंधरा वर्षांपूर्वी त्यांना आवडायचं. शेवटची बारा वर्षं त्यांना काय गोड लागलं, तुझी आई रोज काय करायची, ताप असताना काय मागायचे, शेवटच्या दिवशी तोंडात काय गेलं, यातलं मला काही माहीत नाही. ते सगळं तू लिही. जिन्नस, माप, आधी काय टाकायचं, किती शिजवायचं, सगळं. तिकडे मिळतं आणि इकडे मिळत नाही असं काही असेल तर त्याच्या जागी काय चालेल ते आईला विचारून लिही. शेंगा अजून अकरा आहेत, त्या जपून ठेवल्या आहेत.

आणि ते गेले ती तारीख लिही. ऊसतोडणी म्हणजे कुठला दिवस ते मला इथे कळत नाही. तारीख मिळाली की पंचांगात तिथी मी काढीन. तिथी माहीत नसलेल्यांची अमावास्या पुरे झाली. पुढल्या वर्षापासून त्यांचं पान त्यांच्या दिवशी वाढलं जाईल.

आज्जीला किती दिवस आहेत ते मला सांगता येत नाही. म्हणून केसर, हे पत्र मिळेल त्याच दिवशी आईपाशी चुलीजवळ बसून लिहायला घे, आणि परतीच्या टपालाने, विमानाच्या, मला कळव.

सत्यवती